ढला सांग

आमच्या वन्सं पाठमोऱ्या बोलायच्या. घरात कुणी आलं की आधी "ये, बस" म्हणून तोंडभर हसायच्या, मग ओट्याकडे वळून कणीक मळायला नाहीतर भांडी विसळायला लागायच्या आणि खरं बोलणं तिथून सुरू व्हायचं. नवख्या माणसाला वाटायचं, काय शिष्ट बाई आहे! मलाही लग्नानंतर वर्षभर तसंच वाटत होतं. एकदा न राहवून म्हटलं, "वन्सं, जरा इकडे बघून बोला ना." तर म्हणाल्या, "मी बघितलं की तू चेहरा नीट करतेस. मग मला काय कळणार तुझं? बोल तू, मी ऐकतेय." आणि खरं सांगते, त्या पाठीला मी जेवढं सांगितलं तेवढं कुणाच्या तोंडावर सांगितलं नसेल. आज त्यांचा चेहरा आठवायला मला फोटो काढून बघावा लागतो. पाठ मात्र लख्ख दिसते. मानेवर सैल बसलेला अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल, खांद्यावर पंचा आणि कोपरापर्यंत पीठ.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. माझ्या वयाच्या बायका नणंदेला ताई म्हणतात, हल्ली तर नावानंसुद्धा हाक मारतात. मीही ताईच म्हणणार होते. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला चेष्टा सुचली आणि जुन्या नाटकातल्यासारखा पदर सावरून मी म्हटलं, "वन्सं, चहा घेणार ना?" तर बाई इतक्या खूश झाल्या की डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आई गेल्यापासून हा शब्द घरात ऐकला नव्हता गं." झालं! चेष्टेची हाक जन्माला पुरली.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात कानाला हेडफोन लावून ह्या गावाची माणसं त्या गावाला जोडून द्यायच्या. पुढे ते कामच राहिलं नाही, तेव्हा त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे माणसं समोर येऊन तोंडावर ओरडायची, ते काही त्यांना झेपेना. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि शहाडला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "लाइन बिझी होती." पण ऑपरेटरकी काही अंगातून गेली नाही. कुणी बोलता बोलता गप्प झालं, की त्या थांबून राहायच्या, मध्ये घाई करायच्या नाहीत. म्हणायच्या, "गप्प म्हणजे कट झालं असं नाही गं. श्वास ऐकू येतो ना, मग लाइन चालू आहे."

हे त्यांचं वाक्य मला फार मोल देऊन कळलं. माझ्या मुलाचं नाव निनाद. नाव ठेवताना कोणत्या मुहूर्तावर ठेवलं देव जाणे! शाळेत घालेपर्यंत घरात बडबडायचा, गाणी म्हणायचा. शाळा सुरू झाली आणि पोराचा आवाज बंद. आधी फक्त शाळेत बंद, मग पाहुण्यांसमोर, मग खाली खेळताना, आणि पहिलीत गेला तोवर माझ्यासमोरसुद्धा. भूक लागली की माझा हात धरून डब्यापाशी न्यायचा. धाकटी सई तेव्हा तीन वर्षांची. तिच्या कानात काहीतरी कुजबुजायचा आणि ती आम्हाला तर्जुमा करून सांगायची. डॉक्टर झाले, नवस झाले. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, मूल घाबरलेलं आहे, मागे लागू नका. पण लोकांना कुठे दम निघतो? जिन्यात भेटेल तो प्रत्येक जण त्याची हनुवटी वर करून विचारायचा, "नाव काय तुझं बाळा? सांग की! अरे, मांजरीनं जीभ नेली का?" हा बुटाकडे बघत उभा. आणि त्याच्या शेजारी मी, चोरी पकडल्यासारखी.

शाळेच्या पालकसभेत बाईंनी त्याच्या देखतच सांगितलं, "स्वभावानं गोड आहे हो, पण जरा ढ आहे." मी परत येताना रिक्षात त्याच्याकडे बघितलं. कडेच्या दांडीला कपाळ लावून बसला होता. घरी न जाता मी सरळ तळमजल्यावर गेले आणि वन्संच्या पाठीला सगळं सांगितलं. हमसून हमसून रडले. त्यांचे कणकेतले हात थांबले. म्हणाल्या, "मेधा, काढ त्याला तिथून. सकाळी माझ्याकडे पाठव. दोघांनाही पाठव."

आमच्या ह्यांनी आकांडतांडव केलं. "ताई, तू काय शिकवणार त्याला? तुला बी.एड. माहितीये का काय असतं?" वन्सं भांडं घासत होत्या. "मला शिकवता येत नाही रे," त्या म्हणाल्या, "मला ऐकता येतं. त्याला सध्या तेवढंच हवंय."

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन खाली गेले तर दारात कुत्र्याचं पिल्लू. स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवरचं, तांबूस, एक कान अर्धा कुरतडलेला. मी विचारलं, "हे काय? नाव काय ठेवलंत ह्याचं?"

"ढ."

"अहो वन्सं, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. ह्या घरात ढची जागा एकच, आणि ती भरली. आता दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही," त्या म्हणाल्या आणि पोळ्यांना लागल्या. निनादनं मान वर करून आधी त्यांच्याकडे आणि मग पिल्लाकडे बघितलं. पिल्लू त्याच्या बुटाची नाडी सोडवत होतं.

अशी आमची घरची शाळा सुरू झाली. शाळा कसली, घरकामच ते! "काम हाताला, धडा कानाला," हा त्यांचा मंत्र. सकाळी नळाला पाणी आलं की किती तांब्यांची कळशी आणि किती कळशांचं पिंप, हा पहिला तास. मग मटार सोलायचे. सोललेले मोजायचे ती बेरीज आणि सई तोंडात टाकेल ती वजाबाकी. बाकी नेहमी शून्यच यायची. दुपारी ढला दारात उताणा पाडून त्याच्या अंगावरचे गोचीड चिमट्यानं काढायचे, पुढच्या पायांवरचे वेगळे, मागच्या पायांवरचे वेगळे, आणि कुठे जास्त ते ठरवायचं. मी एकदा सईला विचारलं, आज काय शिकलीस, तर म्हणाली, "मागच्या पायांवर जास्त असतात." इतिहास मेथी निवडताना व्हायचा. मेथीचा सीझन संपला की शिवाजी महाराज थांबायचे, म्हणून मग त्यांना चवळीवर आणलं.

आणि ह्या सगळ्यावर देखरेख करायला फ्रिजवर बसलेली राखाडी मांजर. तिचं नाव मोठ्या बाई. शाळेत हेडबाईंना म्हणतात ना, तसं. सई आरडाओरडा करायला लागली की वन्सं ओट्याकडूनच दटावायच्या, "हळू! मोठ्या बाई राउंडवर आल्यात." ढ तिला इतका टरकायचा की टेबलाखाली जाऊन बसायचा. एकदा मोठ्या बाईंनी भूगोलाच्या पुस्तकांच्या खोक्यात पिल्लं घातली. वन्संनी भूगोल बंदच करून टाकला. मी विचारलं तर म्हणाल्या, "मोठ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या खोलीत कसं जायचं?" पिल्लांचे डोळे उघडून ती पडद्यांवर चढायला लागेपर्यंत आमच्या पोरांना महाराष्ट्रात नद्या किती, ह्याचा पत्ता नव्हता. उल्हास तेवढी माहीत, कारण ती खिडकीतून दिसायची.

पण निनाद बोलत नव्हता. महिने गेले. तो सगळं लिहायचा, चुकलेलं खोडायचा, कळशा भरायचा, पण तोंडातून हूं की चूं नाही. वन्सं त्याला कधीही, कधी म्हणजे कधीही, प्रश्न विचारायच्या नाहीत. धडा त्या ढला सांगायच्या. ओट्याकडे तोंड, हातात लाटणं, आणि मोठ्यानं, "ढ, नीट ऐक हं. बारा पेढे आहेत आणि तिघं जण आहेत..." माझा जीव टांगणीला लागलेला. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं माझे वडील म्हणायचे. माझं सोनं तळमजल्यावर कुत्र्याशेजारी बसून होतं आणि मी ठाण्याला ऑफिसात बसून लोकांच्या पॉलिसीचे हप्ते घेत होते. रोज संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला विचारायचे, "आज?" त्या मान हलवायच्या, नाही म्हणून. एकदा मी चिडून म्हटलं, "वन्सं, कुत्र्याला भागाकार शिकवून माझं पोरगं बोलणार आहे का?" त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, "श्वास ऐकू येतोय मला त्याचा. मी फोन ठेवणार नाही."

आणि एक दिवस संध्याकाळी मी दारात पोचले तर त्यांनी माझ्या हातात एक पोळी ठेवली. काळी ठिक्कर. वर बोट लावलं तर कोळसा.

"हे काय?"

"खा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या, तेवढ्यावरूनच मी घाबरले. "आज भागाकार चालला होता. मी वैतागून ढला म्हटलं, जाऊ दे, तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही, ढ तो ढच राहणार. ते निनादला लागलं बघ. वाकून कुत्र्याच्या त्या अर्ध्या कानात सांगायला लागला. आधी कुजबुजत, मग चांगलं ऐकू येईल असं. बारा पेढे, तिघं जण, एकेकाला देत जायचं, घाबरू नकोस, मलापण आधी येत नव्हतं... सगळं. अगं, तव्यावर पोळी होती. जळायला लागली, धूर झाला. पण मी वळले असते, नुसता हात हलवला असता, तरी लाइन तुटली असती. म्हणून जळू दिली."

मी ती पोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढत चढत खाल्ली. सगळी. रडू आणि कोळसा एकदमच गिळत होते. आयुष्यात पंचपक्वान्नांची ताटं जेवले, पण त्या पोळीची चव कशाला नाही.

त्यानंतर त्या घराचा नियमच झाला. निनादला काही नवीन आलं, काही सांगायचं असलं, की वन्सं म्हणायच्या, "मला नको सांगूस. ढला सांग. आणि त्याला कळेपर्यंत सांगायचं. कळलं नाही तर परत सांगायचं. तो ढ आहे, त्याला वेळ लागतो." आता कुत्र्याला कळलं की नाही हे ठरवायचं कसं? तर शेपूट हललं की कळलं. बिचारा ढ! पाढे, व्याकरण, पाऊस कसा पडतो, सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी शेपूट हलवून सुटका करून घ्यायचा.

मला मात्र अजून ऐकू येत नव्हतं. मी दिसले की निनाद गप्प. एकदा रजा टाकून लवकर आले आणि दाराबाहेर चपलांमध्ये उभी राहिले, तर पैंजण वाजलं आणि आतला आवाज बंद झाला. वन्सं बाहेर येऊन माझ्यावर करवादल्या, "मध्येच लाइनीवर यायचं नाही! क्रॉस कनेक्शन करतेस?" मी तोंड पाडून वर गेले. मग काय झालं असेल? दुसऱ्याच दिवशी जेवायच्या सुट्टीत ऑफिसात माझा मोबाइल वाजला. वन्सं. आवाज एकदम नोकरीतला, सरकारी.

"तुझा कॉल आहे. बोलू नकोस, नुसती ऐक."

मी डबा तसाच टाकून जिन्यात गेले. आधी कुकर ऐकू आला. मग ढ कान खाजवत होता तो फटफट आवाज. आणि मग माझं पोरगं. "ढ, ऐक. आई संध्याकाळी येते तेव्हा तिच्या पिशवीत कधीकधी चिक्की असते. तुला नाही देणार. तुझे दात खराब होतील. आईला आवडते, पण ती आम्हाला देते." एवढंच. मी त्या जिन्यात भिंतीला टेकून मट्‌कन खाली बसले. पुढे कितीतरी दिवस दुपारी तो कॉल यायचा आणि मी तोंडावर हात दाबून ऐकायचे. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं, हिचं कुठेतरी काहीतरी चालू आहे. चालू होतंच की!

मग एका रविवारी मी कपडे वाळत घालत असताना तो मागून येऊन सरळ म्हणाला, "आई, ढला गोचीड झालेत. चिमटा कुठेय?" जणू मधली दोन वर्षं झालीच नाहीत. मी वळले नाही. एवढं मी शिकले होते. चादर पिळत पिळत म्हटलं, "आरशाच्या खणात बघ."

बाहेरच्या माणसाशी तो पहिल्यांदा बोलला त्याचीही गंमतच. कोलशेतचे आमचे चुलत सासरे आले होते. मोठा माणूस, मोठा आवाज. सगळ्यांदेखत निनादच्या पाठीत थाप मारून म्हणाले, "काय रे, शाळेत जात नाहीस, ढ आहेस की काय?" निनाद शांतपणे म्हणाला, "नाही. ढ बाहेर झोपलाय." काकांना काही कळेना. ओट्याकडे वन्संची पाठ हसून हसून गदागदा हलत होती. आणि सईचं तर काय सांगू? तिला पुढे शाळेत घालायचं ठरलं, कारण ती घरात मावेना. प्रवेशाच्या वेळी बाईंनी विचारलं, "सांग बघू, ढ कशाचा?" सगळ्या महाराष्ट्राची पोरं ढगाचा म्हणतात, नाहीतर ढालीचा. आमची म्हणाली, "आमचा!"

निनाद मात्र घरीच शिकला, दहावीपर्यंत. पुढची पुस्तकं वन्संच्या हाताबाहेर गेली. बीजगणित आलं तेव्हा त्या लाटणं ठेवून स्टूल घेऊन कुत्र्याशेजारी बसल्या. "ढ, हे तुलाही कळलं नाही आणि मलाही नाही. निनाद, परत सांग रे." आणि तो परत सांगायचा. मोबाइलवर बघून बघून स्वतः शिकायचा आणि ह्या दोघा ढांना शिकवायचा. बाहेरून परीक्षेला बसला आणि पास झाला. फार मार्क नव्हते, पण आम्ही पेढे वाटले. वन्संनी बारा वेगळे काढले आणि तिघांत वाटले: निनाद, सई आणि ढ. मोठ्या बाई तोवर म्हातारपणानं गेल्या होत्या.

ढही म्हातारा झाला. त्याला ऐकू येईना. निनाद ठाण्याला कॉलेजात जायला लागला होता, मिसरूड फुटलेलं, पण संध्याकाळी आला की सॅक टाकून आधी कुत्र्याशेजारी बसायचा आणि दिवसभराचं सांगायचा. मी म्हटलं, "अरे, त्याला आता ऐकू येत नाही." ओट्यापाशी वन्संचं चाललंच होतं, तिथून म्हणाल्या, "मग काय सांगायचं थांबवायचं?"

मागच्या वर्षी त्या घरात दुसऱ्यांदा पोळी करपली. सकाळची वेळ. निनाद कॉलेजला निघाला होता. पहिल्या मजल्यावर आला आणि त्याला वास आला. बाकी कुणालाही आला असता तर म्हणाला असता, करपली असेल कुणाची तरी. तो उरलेला जिना उड्या मारत उतरला. वन्सं ओट्याखाली पडल्या होत्या आणि ढ त्यांच्या पोटाशी बसला होता.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, पण शब्द सापडत नाहीत. आणि मग सुरू झाली रांग. कल्याणहून, डोंबिवलीहून माणसं यायची, खाटेवर वाकायची आणि मोठमोठ्यानं विचारायची, "ओळखलंत का? मी कोण? नाव सांगा बघू माझं!" वन्संच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. चांगल्या हातानं त्या पांघरूण तोंडावर ओढायच्या. निनाद दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी तो ओरडला. माझा मुलगा ओरडला! "कुणी काही विचारायचं नाही तिला! निघा सगळे! निघा!" कोलशेतचे काकासुद्धा चपला शोधायला लागले. त्यांना राग आला, येऊ दे. मला मात्र वाटलं, हे वन्संनी ऐकायला हवं होतं. मग लक्षात आलं, ऐकलंच की त्यांनी.

त्या दिवसापासून त्याचं कॉलेज सुटल्यातच जमा झालं. वन्संची खाट ओट्यापासून चार हातांवर ओढून घेतली, ढला त्यांच्या चांगल्या हाताखाली येईल असं बसवलं आणि स्वतः ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटायला लागला. एकेका पोळीचा नकाशा! लाटता लाटता म्हणायचा, "आत्या, मला नको सांगूस. ढला सांग. मला काय, कामं आहेत." रोज हेच. ढला ऐकू येत नाही, आत्याला बोलता येत नाही, आणि हा दोघांकडे पाठ करून उभा. आमचे हे म्हणायचे, "ह्यानं काय होणार आहे?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो. पूर्वीपण असंच म्हणाला होतात."

एका दुपारी ऑफिसात माझा मोबाइल वाजला. निनाद.

"आई, तुझा कॉल आहे. बोलू नकोस, नुसती ऐक."

मी जिन्यात गेले. तोच जिना. आधी लाटण्याचा आवाज. मग श्वास, जड, घशात अडकणारा. बराच वेळ नुसता श्वासच. फोन ठेवावासं वाटलं नाही. आणि मग, दगड सरकवताना माणूस कण्हतं तसा आवाज आला आणि त्यातून एक अक्षर बाहेर पडलं.

"ढ."

परत एकदा, जरा स्वच्छ. "ढ."

लाटण्याचा आवाज थांबला नाही. शाबास रे माझ्या वाघा, थांबला नाही तो.

मला वाटलं, आता एकेक अक्षर येणार. ढ आला, मग न येईल, मग निनाद येईल. पण पुढचा झटका आठवड्याच्या आतच आला आणि वन्सं झोपेतच गेल्या. शेवटचं जे अक्षर बोलल्या ते तेवढंच.

दिवस झाले, माणसं आली आणि गेली. आणि निनाद पुन्हा गप्प झाला. आधी वाटलं, दुःख आहे, जाऊ दे. पण तेराव्यानंतरही बोलेना. खाणाखुणा करायला लागला. एकदा भूक लागली तेव्हा माझा हात धरून डब्यापाशी गेला, एवढा माझ्याहून हातभर उंच मुलगा. वाटलं, वन्संनी जे जोडून दिलं होतं, ते त्या जाताना तोडून गेल्या. मी विचारलं नाही काही. पण रात्रंदिवस दुसरं डोक्यात नव्हतं.

ढ काही वर यायला तयार नव्हता. तळमजल्याच्या त्या घरात ओट्यासमोर, जिथे वन्संचे पाय असायचे तिथे नाक लावून पडलेला असायचा. निनाद दिवसभर त्याच्याशेजारी भिंतीला टेकून. ह्यांनी घर बंद करायचं म्हणून काढलं होतं. गेल्या रविवारी सकाळी मी खाली गेले. दोघं तसेच. वन्संचा डबा उघडला, पीठ घेतलं, कणीक मळली. गॅस पेटवला, तवा ठेवला आणि दोघांकडे पाठ केली. आवाज शक्य तितका साधा ठेवून मी म्हटलं, "मला नको सांगूस. ढला सांग."

एक पोळी झाली. दुसरी झाली. श्वास ऐकू येत होता, एक म्हाताऱ्या कुत्र्याचा आणि एक माझ्या मुलाचा. तिसरी तव्यावर टाकली आणि मागून आवाज आला. फुटका, बऱ्याच दिवसांत न वापरलेला.

"ढ, ऐक. आत्या गेली."

मी लाटणं घट्ट धरलं.

"आत्या गेली. आता नाही येणार ती. कळलं का?"

ढचं शेपूट फरशीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. बहिऱ्या कुत्र्याला कसं कळणार? थोडं थांबून निनाद जरा मोठ्यानं, नीट समजावून, परत म्हणाला, "ढ, आपली आत्या गेली रे." आणि मग परत. आणि परत. त्याला कळेपर्यंत सांगायचं, असा त्या घरातला नियमच होता. निनादचं रडणं आणि सांगणं एक झालं होतं.

तव्यावरून धूर यायला लागला. मी वळले नाही.